पांढरे डाग, लाल ठिपका

तुमच्या घरातला सगळ्यात स्वच्छ कप कोणता, सांगता येईल? घाई करू नका. उठा, स्वयंपाकघरात जा, कपाटातला पाहुण्यांचा सेट पाहा, रोजच्या वापरातले कप पाहा. खिडकीत किंवा मोरीच्या कट्ट्यावर एखादा कप एकटाच पालथा ठेवलेला असेल, तर तोही नीट पाहून या. मी थांबते. माझ्या धंद्यात मशीनचं चक्र पूर्ण होईपर्यंत थांबावंच लागतं, त्यामुळे सवय आहे.

माझा धंदा म्हणजे डिशवॉशर दुरुस्त करणं. वाशीम जिल्ह्यात डिशवॉशर आहेत आणि ते दुरुस्त करणारी एक मुलगी आहे, या दोन्ही गोष्टींवर या दिवाळी अंकाच्या संपादकांचा आधी विश्वास बसला नाही. बसल्यावर त्यांनी फोनवर विषय दिला. "डिशवॉशरचे आणि भांड्यांचे डाग घालवायचे घरगुती उपाय लिहा. लिंबू, सोडा, व्हिनेगर, असं. वाचकांना आवडतं. आणि ताई, तुमचं ते पत्रकासारखं नको हं. हलकंफुलकं लिहा."

हलकंफुलकं लिहिते.

पत्रकासारखं लिहिते हा आरोप मात्र मान्य. माझे बाबा वाशीमच्या एका छापखान्यात कामाला होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि पत्रकं. पत्रकांचे खराब निघालेले ताव घरी यायचे. इतरांच्या घरी भांड्यांच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरतात, आमच्या फळीवर पत्रकं असायची. मी वाचायला शाळेत शिकले नाही, फळीपाशी शिकले. 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर आमचा तवा टेकलेला असे आणि 'जागे व्हा' वर पाण्याचे पेले. ओला पेला उचलला की त्या गोलातली अक्षरं अजून ठळक दिसायची. माझी बहुतेक मतं अशी ओल्या पेल्यांखाली तयार झाली आहेत.

आयटीआय केलं, एका डीलरकडे लागले. टाळेबंदीच्या काळात कामवाल्या बायांना फाटक बंद झालं आणि त्या फाटकातून मशीनं आत आली. फाटक उघडल्यावर बायाही परत आल्या. मशीनं आणि बाया एकाच मोरीपाशी उभ्या राहिल्या. तिथून माझं काम सुरू होतं.

पहिला बिघाड मला बहुधा दारातच सापडतो.

"मेकॅनिक कुठी आहे?"

"मीच आहे."

"तू? एकटीच?" मग खालून वरपर्यंत नजर, हातातल्या टूलकिटवर थोडी, चेहऱ्यावर जास्त. "आडनाव काय तुयं?"

"तक्रार क्रमांक सांगू का?"

"तो राहू दे. आडनाव?"

आडनाव झालं की गाव, गाव झालं की गावातला कोणता भाग. मशीनला काय झालंय, हे चौथ्या प्रश्नात येतं. तोवर मला चहा मिळणार की नाही, आणि मिळाला तर कशात, हे ठरलेलं असतं. लोक म्हणतात की जात आता कोणी विचारत नाही. बरोबर आहे, काढून घेतात.

आता धंद्याचं सांगते, म्हणजे संपादक खूश होतील. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळून जातं, क्षार वाळून जात नाहीत. ते काचेवर, स्टीलवर, नळाच्या तोंडावर पांढरे होऊन बसतात. डिशवॉशरमध्ये या क्षारांना अडवायला एक भाग असतो. त्याला ठरावीक मीठ लागतं, जाड खड्यांचं, त्याच कामासाठी विकतात ते. मीठ संपलं की क्षार मोकळे सुटतात आणि भांडी धुरकट होतात. एवढंच शास्त्र आहे.

एवढंच आहे म्हणून तर लोक त्यात भर घालतात. कारंज्याच्या एका काकूंनी मशीनमध्ये सैंधव भरलं होतं. "साधं मीठ चालत नाई असं पुस्तकात लिहेल आहे. मंग म्हटलं हे तं उपासाले चालते, याच्यापेक्षा चोख मीठ कोणतं असंन?" मशीनने तो उपास कडकडीत पाळला. सैंधवातली माती जाळीत जाऊन बसली आणि मशीनने पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही. मी जाळी साफ करत होते, तेव्हा काकू विचारत होत्या, "आता बिचारीले काय चालते मंग?" त्या मशीनबद्दल ज्या मायेने बोलत होत्या, ती माया ऐकून मला त्या मशीनचा हेवा वाटला.

शेलूबाजारच्या एका मोठ्या घरात तर मशीन बैठकीत होतं, टीव्हीच्या बाजूला. वर विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी.

"पाण्याची लाईन कुठे आहे, भाऊ?"

"लाईन कायले?" घरधनी म्हणाले. "सोयऱ्याले दिसली पायजे ना. सैपाकघरात कोन पाह्यते?"

तक्रार होती की आत डाग पडलेत आणि कोंदट वास येऊन राह्यला. नवीन मशीनमध्ये कारखान्यात तपासणीचं थोडं पाणी उरलेलं असतं. ते दोन वर्षं आतल्या आत नांदलं होतं. वरच्या रॅकमध्ये सुनेच्या बांगड्या आणि खालच्या रॅकमध्ये ट्रॅक्टरचे कागद. सून दाराशी उभी राहून मोठं पातेलं घासत होती. माझ्याकडे पाहून हसली. मी खायचा सोडा पाण्यात कालवून तिच्यासमोर आतले डाग पुसले, एका वाटीत कोरडा सोडा ठेवून दार उघडं टाकायला सांगितलं. दोन दिवसांत वास जातो. सुनेच्या हातातलं पातेलं काही सोड्याने जात नाही, म्हणून तो विषय मी काढला नाही.

तर उपाय. भांड्यावर पांढरा डाग असेल तर एक भाग व्हिनेगर, एक भाग पाणी, त्यात पेला पाच-दहा मिनिटं बुडवा. डाग गेला तर तो क्षार होता. नाही गेला, तर काच झिजली आहे आणि तिला जगातलं कोणतंही लिंबू पूर्वीसारखं करू शकत नाही. हा साधा निवाडा करायच्या आधी कोणालाही दोष देऊ नका. मशीनच्या आत पांढरा थर असेल तर किराण्यात निंबू फूल म्हणजे लिंबू सत्त्व मिळतं, त्याचे दोन-तीन चमचे आत टाकून मशीन रिकामं, गरम पाण्यावर फिरवा. हळदीने पिवळे झालेले प्लॅस्टिकचे डबे सोड्याने चोळा आणि उन्हात ठेवा, हळद उन्हाला भिते. आणि व्हिनेगर किंवा निंबू फूल ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, त्याचा विषारी वायू होतो. हे वाक्य मी गंभीरपणे लिहिते आहे.

झाले घरगुती उपाय. ज्यांना तेवढेच हवे होते त्यांनी पान उलटावं. पुढे एक कप आहे.

वाशीममध्ये एक निवृत्त सर राहतात. नाव सांगत नाही, तुमच्या गावातही ते असतीलच. माझ्या फळीवरची अर्धी पत्रकं त्यांनी लिहिलेली होती. त्यातलं एक मला पाठ होतं. त्यात लिहिलं होतं की घरात पाण्याचे पेले दोन प्रकारचे ठेवणारा माणूस समतेच्या सभेत टाळ्या वाजवतो तेव्हा त्याचे दोन्ही हात खोटे असतात. काय वाक्य आहे! आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी ते माझं म्हणून ठोकून दिलं होतं आणि बक्षीस म्हणून मला काचेचा एक पेला मिळाला होता.

त्या सरांकडून तक्रार आली. परदेशातल्या मुलाने पाठवलेल्या काचेच्या सेटवर पांढरे डाग. मी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दारात सरांनी मेकॅनिक कुठे आहे असं विचारलं नाही. आडनाव मात्र विचारलं, अत्यंत सुसंस्कृतपणे. मी सांगितलं आणि पाठोपाठ एका दमात म्हणाले, "सर, मी तुमची पत्रकं वाचून मोठी झाले."

"अरे वा!" सरांचे डोळे खरंच भरून आले. त्यांनी काकूंना हाक मारली. "ऐकलंस का, ही आपल्या चळवळीची मुलगी. हिला चहा दे."

मशीन मी नीट तपासलं. मीठ भरपूर होतं. पाणी किती जड आहे त्याचं माप बरोबर लावलेलं होतं. जाळी साफ, फवारे मोकळे. डाग पडलेला एक पेला व्हिनेगरमध्ये बुडवला, डाग गेला. म्हणजे क्षार. पण क्षार अडवणारा भाग तर चोख काम करत होता. मग हे क्षार येत कुठून होते?

"आमची गोकर्णाबाई काहीतरी करते," काकू म्हणाल्या. "चौदा वर्षं झाली, पण मशीन आल्यापासून तिचं चित्त नाही कामात. मी तर मशीनला हातसुद्धा लावत नाही."

गोकर्णाबाई मागच्या अंगणात पाठमोरी बसून भांडी घासत होती. मशीनमध्ये जायच्या आधीची भांडी. हो. त्या घरात भांडी आधी गोकर्णाबाई पावडरने घासायची आणि मग ती मशीनमध्ये जायची. खरकटं मशीनमध्ये गेलं तर मशीन बाटेल म्हणून. मी काकूंना सांगितलं, "एवढं घासायची गरज नाही, मशीनला खरकटं चालतं."

"मशीनला चालेल," काकू म्हणाल्या, "आम्हाला नाही चालत."

मी मशीन फिरवलं. चक्र संपलं, दार उघडलं, पेले ओले आणि गरम होते. काकूंनी ते लगेच उचलले. "राहू दे, मी आवरून ठेवते." आणि तेवढ्यात चहा आला.

चहा पांढऱ्या चिनी मातीच्या कपात होता. सर आणि काकू निळ्या नक्षीच्या कपात पीत होते. मी स्वतःला समजावलं की निळे दोनच असतील. चहा संपताना कप कलता झाला आणि मला बुड दिसलं. बुडावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. छोटा, गोल, व्यवस्थित. खूण लावल्याशिवाय ओळखू येऊ नये इतका तो कप कपाटातल्या बाकीच्या पांढऱ्या कपांसारखाच होता, म्हणून खूण. मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर काकू म्हणाल्या, "तिथे खिडकीत ठेव, पालथा. मशीनमध्ये नको टाकूस."

माझ्या फळीवरची सगळी पत्रकं त्या क्षणी माझ्या मागे उभी होती आणि मी काय केलं? कप खिडकीत पालथा ठेवला. शिवाय विसळूनही ठेवला.

आता लाज वाटेल असं खरं लिहिते. मला तिथून निघायचं होतं. ताबडतोब. फॉर्मवर कारणाचे तीन चौकोन असतात: मशीनमधील दोष, पाण्याचा दोष, वापरातील चूक. पहिला नव्हता. दुसरा मशीनने सांभाळला होता. उरला तिसरा. मी तिसऱ्यावर खूण केली. चूक कोणाची, काय, हे लिहायला खाली दोन ओळी असतात. त्या मी कोऱ्या ठेवल्या. सरांनी सही केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लढत राहा."

मी मशीनची तासभर चौकशी केली होती. गोकर्णाबाईला एक प्रश्न विचारला नव्हता.

दोन-तीन आठवड्यांनी वाशीमच्या भाजीबाजारात कोणीतरी माझी बाही ओढली.

"तूच ना वं ते मशीनवाली?"

पाठमोरी पाहिलेली बाई समोरून ओळखायला मला वेळ लागला. गोकर्णाबाईच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत काहीच नव्हतं.

"मी तुयं काय बिघडोलं होतं, माय? काहून लेहून देलं कागदावर?"

"काय लिहून दिलं?"

"चूक. वापराची चूक. सरनं वाचून दाखवलं मले. म्हने, गोकर्णाबाई, हा तांत्रिक अहवाल आहे, याच्यात माझं काई चालत नाई." तिने सरांचा आवाज इतका हुबेहूब काढला की मिरचीवाली हसली. गोकर्णाबाई हसली नाही. "चौदा वर्सं. एक बशी नाई फुटली माह्या हातून. चोरी केली म्हनले असते तं भांडले असते मी. डाग पाडते म्हनले. आता बाजूच्या दोन घरच्याईनंबी नको म्हटलं. ज्या बाईच्या हातानं भांडे खराब होतेत तिले कोन ठेवंन?"

"पण मावशी, ते डाग पडतात कशाने? तुम्हाला माहीत आहे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टूलकिट खाली ठेवलं.

"कशानं म्हंजे? काकू काडतेत ना मंग पान्यातून. मशीनमधून निंगाले का टबात बोअरचं पानी भरतेत अन् एक एक पेला बुडवतेत. मशीनमंदी सारेच भांडे एका जागी असतेत म्हनून. पुसतबी नाईत, फडक्यानं बाटतेत म्हनून. तसेच जाळीत उभे. रोज पाह्यलं मीनं."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मले कोनं इचारलं?"

एवढं नेमकं निदान मला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. मशीन बोअरचं पाणी घेतं, त्यातले क्षार अडवतं, हलक्या झालेल्या पाण्याने भांडी धुऊन बाहेर देतं. मग काकू तीच भांडी पुन्हा बोअरच्या पाण्यात बुडवतात, जेणेकरून मशीनने केलेलं सगळं पुसलं जावं. भांडी तीनदा धुतली जात होती. आधी गोकर्णाबाईचे हात लागतात म्हणून मशीन, मग मशीनमध्ये सगळी भांडी एकत्र म्हणून टब. आणि डाग पडला की दोष पहिल्या हातांना.

"मावशी, मी चूक केली," मी म्हणाले. "दुरुस्त करते."

"कागद तं तुया हाये. तुलेच दुरुस्त करा लागंन." एवढं बोलून ती वळली, मग पुन्हा फिरली. "अन् काय वं, तुनंबी त्याच कपात चहा पेला होता ना? मीच धुतला तो. तवा काहून नाई बोलली?"

मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली मुलगी आहे. मी खाली ठेवलेलं टूलकिट उचललं.

दुसऱ्या दिवशी तक्रार नसताना मी सरांच्या दारात गेले. फेरतपासणी म्हणाले. काकूंनी नाक मुरडलं. "बाई काढली तरी डाग आहेतच. उलट वाढले."

"म्हणूनच आले, काकू."

डाग पडलेले सहा पेले मी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून लख्ख केले आणि मशीनमध्ये लावले. चक्र संपलं तेव्हा काकूंचा हात पुढे आला. मी म्हणाले, "थांबा. वाळू द्या." आम्ही थांबलो. सर वर्तमानपत्र घेऊन बसले. पेले मशीनमध्येच वाळले. सहाही स्वच्छ. मी त्यातले तीन काकूंच्या हातात दिले.

"आता रोज करता ते करा."

"रोज काय करते मी?"

"तो टब."

काकूंनी सरांकडे पाहिलं. सरांनी वर्तमानपत्र थोडं वर घेतलं. काकूंनी टब भरला, तीन पेले बुडवले, जाळीत ठेवले. वैशाखातलं ऊन होतं, अर्ध्या तासात ते वाळले. मी सहाही पेले सरांसमोर ओळीने मांडले. तीन पेल्यांमधून वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत होते. तीन धुरकट होते आणि बुडाशी पांढरी कडी होती.

मग मी खिडकीतला कप आणला. ठरवून आणला नव्हता, हात गेला. तो सरांसमोर पालथाच ठेवला, लाल ठिपका वर, मग सरळ केला. आत एक डाग नव्हता, एक ओरखडा नव्हता. त्याला टबाचं पाणी कधी लागलंच नव्हतं, कारण तो टबाच्याही योग्यतेचा नव्हता. गोकर्णाबाई तो लिंबाच्या सालीने घासायची आणि लगेच पदराने कोरडा करायची, हे तिने मला नंतर सांगितलं. तिचाच तर कप होता. तिचा, गॅसवाल्याचा, नळवाल्याचा आणि माझा.

"तुमच्या घरातला सगळ्यात स्वच्छ कप हा आहे, सर."

"ते जातीपातीचं नाही गं," काकू घाईने म्हणाल्या. "आम्ही मानतच नाही. बाहेरून येणाऱ्यांचे हात, आजार, म्हणून आपलं स्वच्छतेसाठी."

"मग पाहुणे बाहेरूनच येतात ना?" मी विचारलं. "त्यांच्या कपाला ठिपका कुठल्या रंगाचा?"

मी नवा फॉर्म काढला. या वेळी दोन ओळी कोऱ्या ठेवल्या नाहीत. लिहिलं: डागांचं कारण, मशीनमधून काढल्यावर भांडी घरातील व्यक्तींनी पुन्हा बोअरच्या पाण्यातून काढणे. कामवाल्या गोकर्णाबाईंचा याच्याशी संबंध नाही. आधीच्या अहवालात कारण न लिहिणे ही माझी चूक.

सरांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ. पत्रकं लिहिणारा माणूस, एकेक शब्द तोलतो.

"'कामवाल्या' हा शब्द बरोबर नाही," ते म्हणाले. "त्यात हीनपणा आहे. मी कायम 'मदतनीस' म्हणतो."

मी 'कामवाल्या' खोडलं आणि 'मदतनीस' लिहिलं. बाकी वाक्य तेच राहिलं.

"आणि ते 'घरातील व्यक्तींनी' नको. अनावश्यक आहे."

"सर," मी म्हणाले, "आठवीत मी तुमचं एक पत्रक पाठ केलं होतं. पेल्यांचं. म्हणून दाखवू का?"

सरांनी सही केली. आधीच्या अहवालावर पूर्ण नाव होतं, या वेळी नुसती आद्याक्षरं, हे मला लिहायला आवडत नाही. ज्या माणसाने मला वाचायला शिकवलं त्याचं नाव आखडताना बघण्यात कसलाही विजय नसतो. पण सही झाली. या वेळी त्यांनी 'लढत राहा' म्हटलं नाही, मीही त्याची वाट पाहिली नाही.

कागद मी त्याच दुपारी गोकर्णाबाईला नेऊन दिला. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्या नातीने मोठ्याने वाचला. 'मदतनीस' शब्दापाशी गोकर्णाबाईने तिला थांबवलं.

"हे कोन?"

"तूच, आजी."

"असं काय!" ती म्हणाली. "काडून टाकल्यावर बढती देली."

त्यानंतर ती जे हसली ते ऐकायला तुम्ही हवे होता.

सरांनी तिला परत बोलावलं. ती गेली नाही. कागद लॅमिनेट करून आणला आणि तो घेऊन ती त्या दोन घरी गेली. त्यातल्या एका घरी पुन्हा लागली. पहिल्याच दिवशी चहा पुढे आला तेव्हा तिने कप उलटा करून बुड पाहिलं. तिने ते मला इतक्या सहजपणे सांगितलं, जसं आपण कोथिंबीर निवडताना पिवळं पान बाजूला काढतो. "मालकीन म्हने, काय पाहून राह्यली? म्हटलं, मशीनवालीनं सांगतलं, चहा घेताना बुड तपासाचं असते."

मी तसं कधीच सांगितलं नव्हतं. पण आता सांगते. तक्रारीला गेले की मशीनचं दार उघडायच्या आधी त्या घरातल्या कामवाल्या बाईला, म्हणजे मदतनिसाला, विचारते की मावशी, काय होतंय इथे. निम्मी मशीनं तिथेच दुरुस्त होतात. चहा आला तर कप उलटा करते, मग पिते. कधीकधी पीत नाही. माझ्या नावापुढचे ग्राहकांचे तारे जरा कमी झालेत. डीलर म्हणतात, "ताई, तू मशीन पाह्य ना फक्त."

मी मशीनच पाहते. मशीनला जात कळत नाही, त्याला फक्त क्षार कळतात. वरच्या रॅकमध्ये लावलेला कोणता कप कोणाच्या ओठांना लागला होता, हे त्याने आजवर मला एकदाही सांगितलेलं नाही.

तर संपादकांनी दिलेल्या विषयातला शेवटचा उपाय. याला लिंबू लागत नाही, सोडा लागत नाही. तुम्ही सुरुवातीला उठून स्वयंपाकघरात गेला होता, तेव्हा खिडकीतला तो कप पाहिला असेलच. त्याच्या बुडावर खूण असेल तर नेलपॉलिश काढायच्या औषधाने कापूस भिजवून ती पुसा. मग तो कप बाकीच्या कपांच्या मध्ये लावा, सगळ्यांबरोबर धुवा आणि सगळ्यांबरोबर कपाटात ठेवा. उद्या सकाळी तुमची मावशी येईल, तेव्हा तिच्याच हातून चहा करून घेऊ नका. तुम्ही करा. त्या कपांमधले दोन न निवडता उचला, आणि तिच्या समोर बसून प्या.